इस्त्रीघरातून धुलाईघराला

२ तारीख, सोमवार

थोरल्या बाई,

नमस्कार लिहायची रीत असते, तेव्हा लिहिला असं समजून घ्या. तुम्ही मोठ्या जाऊबाई, म्हणून कागदावर 'तुम्ही' म्हणते. मनात काय म्हणते ते मनातच राहू दे.

पत्र बघून छातीत धस्स व्हायला नको म्हणून आधीच सांगते, इकडे सगळी धडधाकट आहेत. माझे गुडघे सोडून. आणि हे उत्तर नव्हे बरं का. धंद्याच्या वाटणीच्या दिवशी सगळ्या कामगारांसमोर तुम्ही म्हणालात, धुवायला अक्कल लागते, इस्त्री काय कुणीही फिरवील. त्या दिवसापासून तुमच्या घराला उत्तर द्यायचं नाही असं आमच्या घरात ठरलंय. तुमचा गठ्ठा आला की आम्ही घेतो. निरोप आला की ऐकतो, काम चोख करतो. पण 'पोचलं' नाही, 'बरं' नाही, 'हो' नाही. ते मी आजही मोडत नाहीये. फक्त आपणहून लिहायचं नाही असं काही ठरलेलं नव्हतं. ही फट मला आज सापडली.

लिहायचं कारण म्हणजे मला आनंद झालाय. आनंद झाला की तो कुणाला तरी सांगावा लागतो, नाहीतर पोटात गुबारा धरतो. शेजारणीला सांगून बघितला. ती 'हो का, छान' म्हणाली आणि दार लावून घेतलं. असल्या माणसांना आनंद सांगण्यात काय अर्थ आहे? ज्याला ऐकून पोटात दुखेल त्यालाच सांगावा. लगेच तुमची आठवण झाली.

तर माझी नात. तिला तुम्ही रांगताना शेवटची बघितली असेल. आम्ही तिला बटण म्हणतो, कारण लहानपणी होतीच तशी, गोल आणि कुठे तरी घरंगळून जाणारी. आता चांगली उंच झालीय, कॉम्प्युटरचं शिकून आलीय, आणि आईबाप सातासमुद्रापार असताना माझ्याकडे येऊन राहिलीय. शर्टाची कॉलर तिला इस्त्री करता येत नाही, कॉलरचा पापड करते. पण कॉम्प्युटरला ती जे करायला लावते ते बघत राहावं.

हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी काय बजावलंय ते तुमच्याही कानावर असेलच. चादरी तुम्ही धुणार, आम्ही इस्त्री करणार, आणि कुठली चादर कुठे अडकलीय ते त्यांना कळायचं नाही, हे आता चालणार नाही म्हणतात. बसल्या जागी पडद्यावर दिसलं पाहिजे. नाहीतर सगळं काम गावाबाहेरच्या त्या कारखान्याला. महिनाभर बघतील आणि ठरवतील. ते सगळं बटण करतेय. एकटी. मेट्रनबाईंनी पसंत केलं तर ती कायमची इथे माझ्याजवळ राहणार. नाही केलं तर आईबापाकडे निघून जाणार, तिकडे त्यांनी नोकरी बघूनच ठेवलीय. हे तिनं मला तोंडावर सांगितलं, लपवलं नाही. आमच्या घरात लपवायची पद्धत नाही.

तिनं मला समजावलं ते असं. एक तयार सामान असतं, त्याला लायब्ररी म्हणतात. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी लिहून ठेवलेलं, आणि वापरायला फुकट. एका मशीननं दुसऱ्याला हाक कशी मारायची, हाक आली तर कान कसा द्यायचा, चार हाका एकदम आल्या तर गोंधळ कसा होऊ द्यायचा नाही, ते सगळं त्यात बेतून ठेवलेलं असतं. आपण आपल्या मापाचं शिवून घ्यायचं. जो एका जागी बसून ऐकतो आणि उत्तर देतो तो सर्व्हर. जो विचारायला येतो तो क्लायंट. त्याच सामानातून दोन्ही होतात, एका ताग्यातून सदरा आणि पायजमा निघावा तसे.

मी विचारलं, आपल्याकडे काय असणार? म्हणाली, सर्व्हर. आणि त्या घरात? म्हणाली, क्लायंट.

बाई, मी हातातली चादर खाली ठेवली आणि पोट धरून हसले. विचारायचं तुम्ही आणि सांगायचं आम्ही!

पत्र गाडीवाल्या घुम्याच्या हाती देतेय. त्याचं नाव घुम्या कुणी ठेवलं कोण जाणे, तोंड म्हणून मिटत नाही. तेव्हा वाचताना तुमचा चेहरा कसा झाला ते मला संध्याकाळच्या खेपेला कळेलच.

धाकटी

११ तारीख, बुधवार

थोरल्या बाई,

कळलं. घुम्या म्हणाला, पत्र वाचून तुम्ही घडी घातली आणि साबणाच्या डब्याखाली ठेवलंत. ओलं व्हायचं ते तिथे. पण फाडलं नाहीत, हेही तो म्हणाला.

आता ऐका. सुरू झालं! इस्त्रीच्या टेबलांवर जे वरचं फळकूट आहे, जिथे आमचे मालक आपला रेडिओ ठेवायचे, तिथे सर्व्हर बसलाय. वाफ लागू नये म्हणून बटणनं त्याच्यावर प्लास्टिक पांघरलंय. पावसात माणूस कोपऱ्यात उभा असावा तसा दिसतो. खाली एक छोटं मशीन आहे, ते चिठ्ठ्या काढतं. तुमच्याकडून कळलं की अमक्या वॉर्डाच्या चादरी धुऊन निघाल्या, की टर्रर्र करून चिठ्ठी बाहेर येते. आमच्या बायका चिठ्ठी बघतात, तेवढ्या चादरी रोलरखाली घालतात, घडी करतात, गाडीत भरतात. तिकडे मेट्रनबाई पडद्यावर विचारतात, मुलांच्या वॉर्डाचं काय झालं? आणि आमचा सर्व्हर त्यांना सांगतो, इस्त्रीत आहे, निघालंय, पोचलंय. काय गोड बोलतो! मेट्रनबाई बटणला म्हणाल्या, तुझ्या मशीनला माझ्या नर्सांपेक्षा चांगलं वळण आहे.

सध्या एकाच वॉर्डाचं चालू आहे, चाचणी म्हणून. पुढच्या आठवड्यात सगळे वॉर्ड.

तुमच्या लेकाचं मात्र मला कौतुक वाटतं. बटण तुमच्या काउंटरवरचं मशीन बसवून द्यायला आली होती, फुकट, आपला वेळ मोडून. त्यानं तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. म्हणे, आमच्या काउंटरला इस्त्रीघरचा हात नको. मग आणला कुठला तरी चष्मेवाला, पैसे देऊन. पी हळद आणि हो गोरी असं कुठे होतं का? बटण बिचारी म्हणत होती, मला एकदा त्या चष्मेवाल्याशी बोलू द्या, दोन्ही बाजू जुळायला हव्यात. तुमच्या लेकानं नाही म्हटलं. मीही नाहीच म्हटलं. तुमच्या दारात माझी पोरगी दुसऱ्यांदा जायची नाही.

एक गंमत सांगते, तुम्हाला आवडणार नाही. सर्व्हर लिहिताना बटणनं विचारलं, आजी, हॉस्पिटलला काय उत्तर द्यायचं ते ठरलं, धुलाईघराला काय द्यायचं? लायब्ररीत सगळं असतं, पण उत्तर काय द्यायचं ते म्हणे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. मी म्हटलं, इतकी वर्षं जे देतोय तेच. पोरगी आधी बघत राहिली, मग हसत सुटली. म्हणाली, 'तिकडचं मशीन ताटकळत राहील, आजी.'

मी म्हटलं, ताटकळू दे.

तर तसं आहे. तुमचं मशीन सांगतं, आमचं ऐकतं, काम होतं, आणि आमचं मशीन तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. घराण्याची शिस्त मशीनला लागली!

आणि घुम्या सांगतो की तुमचं मशीन तुम्ही निरोप धाडला रे धाडला की बंद करायला लावता. लेकाला म्हणता, खटका दाब आणि झाक ते. एवढी विजेची काळजी? की आमच्याकडची हवा तारेतून आत येईल अशी भीती?

गुडघ्यांना आता जरा बरं आहे. विचारलं नाहीत, तरी सांगितलं.

धाकटी

१९ तारीख, गुरुवार

बाई,

आज नमस्कार नाही.

तुमच्या घरानं काय करून ठेवलंय ते कळलंय का? की साबणाच्या डब्याखाली तेही ठेवलंत?

आज सगळे वॉर्ड मशीनवर घ्यायचे होते. मेट्रनबाईंचे वरचे साहेब बघायला येणार होते. सकाळी तुमच्याकडून पहिला निरोप आला, ऑपरेशनच्या खोलीच्या चादरी तयार. टर्रर्र, चिठ्ठी. आमच्या बायकांनी कामाला हात घातला. लगेच पुन्हा टर्रर्र. ऑपरेशनची खोली, चादरी. पुन्हा. पुन्हा. चिठ्ठ्यांची शेपटी टेबलावरून खाली आली, फरशीवर वेटोळं झालं. आमच्या बायका चिठ्ठीप्रमाणे चालतात, त्यांना कुणी शंका काढायला ठेवलेलं नाही. तुमच्याकडच्या चादरी संपल्या तेव्हा आमच्या कोठीतल्या, बाकी वॉर्डांसाठी घडी करून ठेवलेल्या, त्याही निघाल्या. घुम्यानं खेपा केल्या, गाडी तापेपर्यंत.

मग फोन आला. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापासून लिफ्टपर्यंत चादरींची भिंत उभी राहिली होती. डॉक्टर आडवे होऊन आत शिरत होते. आणि वर सगळ्या वॉर्डांत पेशंट उघड्या रेक्झिनवर. एक म्हातारा म्हणे उठायला गेला तर पाठ गादीला चिकटलेली. वरच्या साहेबांनी तेवढंच बघितलं आणि गेले.

तुमच्या त्या चष्मेवाल्याचं मशीन एकच गोष्ट परत परत बडबडत होतं. दारात आलेल्या मागणाऱ्यालासुद्धा एकदा नाही म्हटलं की कळतं. एवढं हावरं मशीन मी बापजन्मात बघितलं नाही. धुवायला अक्कल लागते म्हणे. कुठे गेली अक्कल? साबणाबरोबर गटारात?

बटणनं सकाळपासून काही खाल्लं नाही. सर्व्हरसमोर बसलीय. मी विचारलं, चूक त्यांचीच आहे ना? तर माझ्याकडे बघितलं नुसतं. तुमच्यामुळे माझी नात माझ्याशी बोलेना झालीय. तुमची नजर लागली दुसरं काय.

उद्या मेट्रनबाईंनी दोन्ही घरांना चादरींच्या खोलीत बोलावलंय. मी येणार आहे. तुम्हीही या. तोंड लपवून बसू नका.

धाकटी

२० तारीख, शुक्रवार

थोरल्या बाई,

तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसलात ते बरंच झालं. मला तुमचा अंबाडा दिसत होता. पांढरा झाला सगळा. माझा अजून निम्मा काळा आहे, सहज सांगते.

तुम्ही होतात, सगळं ऐकलंत, तरी मी लिहितेय, कारण तिथे मला बोलायला सुचलं नाही. मला, बाई, ज्या मला रस्त्यात भाजीवाला भेटला तरी अर्धा तास लागतो. शिवाय तुम्ही ते जाऊन कुणाकुणाला कसं सांगाल याचा भरवसा नाही. तेव्हा माझ्या बाजूनं एकदा लिहून ठेवते.

तुमचा लेक उठून म्हणाला, 'आमचं मशीन विचारत होतं, ह्यांचं मशीन बोलतच नव्हतं.' खोटं बोलला असता तर मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण खोटं नव्हतं. मेट्रनबाईंनी बटणला विचारलं, असं कसं? आणि माझी पोरगी, परक्या माणसांसमोर, सरळ उभी राहून म्हणाली, 'आमच्या घरात ह्यांना उत्तर देत नाहीत.'

एवढंच. जशी काही आमच्या घरात मिरी कमी घालतात म्हणून सांगतेय.

मग तिनं सगळं उलगडलं. लायब्ररीची रीत अशी की हाक मारणाऱ्याला उत्तर आलं नाही तर त्यानं थोडं थांबून पुन्हा हाक मारावी, उत्तर मिळेपर्यंत. तुमच्या चष्मेवाल्यानं ती रीत पाळली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्या मशीनला वाटलं निरोप वाटेत हरवला, म्हणून ते बापडं पुन्हा पुन्हा सांगत राहिलं. आणि आमच्या सर्व्हरनं प्रत्येक वेळी नवं काम आलं असं समजून चिठ्ठी काढली, आणि प्रत्येक वेळी तोंड मिटलं. दोघांनी एकाच ताग्यातलं कापड वापरलं होतं, बाई. एकदा समोरासमोर बसले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. बसू कुणी दिलं नाही ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, मेट्रनबाई आपल्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होत्या.

कोठीची किल्लीही निघाली त्यात. हो, मी दिली. चिठ्ठ्या येत होत्या आणि मला वाटलं हॉस्पिटल आपल्यावर प्रसन्न झालं, कामाचा पूर आला. बायकांना म्हटलं, हात चालवा गं, आज धुलाईघराच्या नाकावर टिच्चून दाखवायचं. एक जण म्हणाली होती, एवढ्या चादरी एका खोलीला कशाला? मी तिला गप्प केलं. हे कालच्या पत्रात राहून गेलं.

आणि एवढे दिवस हे सगळं का घडलं नाही, तेही पोरीनंच हुडकून काढलं. तुम्ही निरोप धाडला की मशीन बंद करायला लावत होतात, म्हणून त्याला दुसरी हाक मारायला सवडच मिळत नव्हती. काल साहेब येणार म्हणून मेट्रनबाईंनी मशीन चालू ठेवायला सांगितलं, तिथे घात झाला. मी उगाच विजेचं बिल काढलं होतं. मेट्रनबाईंनी तुम्हाला विचारलं, बंद का करत होतात? तुम्ही मागे वळला नाहीत. भिंतीकडे बघतच म्हणालात, 'उत्तर येणार नाही हे मला ठाऊक होतं. थांबायचं कशाला?'

एवढ्या वर्षांनी तुमचा आवाज ऐकला. बसला आहे जरा. काढा घेत जा. घ्या नाहीतर नका घेऊ, मला काय.

मग मेट्रनबाईंनी जे सुनावलं ते दोघींनाही सारखंच लागलं असणार. 'मला तुमचं भांडण नको, चादरी पाहिजेत. दोन्ही मशीनं एका माणसाच्या हाताखाली असतील तर काम तुमचं. सोमवारी दुपारपर्यंत सांगा, नाहीतर कारखान्याला देते.' आणि बोट बटणकडे.

मला वाटलं, जिंकलो. तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, 'मी नाही करू शकणार.' आणि पिशवी उचलून बाहेर गेली.

तुम्ही तेव्हा मान वळवलीत. माझ्याकडे नाही, दाराकडे. मी बघितलं.

धाकटी

२३ तारीख, सोमवार सकाळ

थोरल्या बाई,

हे पत्र घुम्यानं आणलं नाही. ज्या हातानं तुमच्याकडे दिलं त्याच्याकडे आत्ता बघू नका. आधी वाचा.

शुक्रवारपासून बटण बांधाबांध करतेय. आईबापांनी विमानाचं तिकीट काढलं, ते गाठायला आज दुपारची आगगाडी आहे. मी सगळं करून बघितलं. रुसून बघितलं, गुडघे दुखतात म्हणून बघितलं, तुमच्या नावानं बोटं मोडून बघितली. कशालाच बधली नाही. शनिवारभर बसून तिनं सर्व्हर दुरुस्त केला. आता तो तुमच्या मशीनला उत्तर देतो. मी विचारलं, फार लिहावं लागलं का गं? म्हणाली, एक ओळ. शिवाय एकच निरोप दुसऱ्यांदा आला तर ओळखायचीही सोय केली, ती म्हणे त्याहून मोठी आहे. पण उत्तराची एकच ओळ. काय उत्तर देतो ते मी विचारलं नाही. तुम्हालाच दिसेल.

काल तिच्या केसांना तेल लावायला बसवलं. पाठ माझ्याकडे असली की पोरी खरं बोलतात. मी म्हटलं, एवढा राग आला का गं माझा? ती म्हणाली, 'राग नाही आला, आजी. भीती वाटली. तू सांगितलंस आणि मी केलं. उत्तर न देणारा सर्व्हर मी लिहिला, आणि मला त्यात काही वावगं वाटलंसुद्धा नाही. हसू आलं फक्त.'

मी तेलाची वाटी खाली ठेवली. पुढे माझ्याच्यानं होईना. वेणी तिची तिनं घातली.

मग विचारलं, राहायला काय लागेल तुला? म्हणाली, दोन्ही मशीनं एकमेकांशी कशी बोलतात ते तिकडून बघायला हवं, तुमच्या बाजूनं. इथे बसून तिला फक्त आमचंच दिसतं. काही महिने तिकडे राहावं लागेल, चष्मेवाल्याबरोबर बसावं लागेल, तुमच्या लेकाचं ऐकून घ्यावं लागेल. मी म्हटलं, मग जा ना! तर म्हणाली, त्यांनी मला उंबऱ्यावरून परत पाठवलंय, मी दुसऱ्यांदा जाणार नाही, तूच म्हणाली होतीस.

माझंच वाक्य, बाई. माझ्याच तोंडावर.

तेव्हा काय केलं ते ऐका. तिला सांगितलं, गाडीला जाता जाता एवढं पत्र धुलाईघरात देऊन जा, शेवटचं काम आजीचं. आणि त्यांचं वाचून होईपर्यंत हलू नकोस, तशी रीत असते. आत काय लिहिलंय तिला ठाऊक नाही. तिची बॅग घुम्याच्या गाडीत आहे, घुम्या तुमच्या फाटकाशी उभा आहे, आणि आज त्याला तोंड उघडलंस तर कामावरून काढीन म्हणून सांगितलंय.

मी तुमच्याकडे काही मागत नाही, हे स्पष्ट समजा. तुमच्याबद्दल माझं मत जसं होतं तसंच आहे. तुम्ही गर्विष्ठ आहात, वाटणीत मोठा हंडा तुम्ही घेतलात तो आपल्या सासूबाईंनी मला देऊ केला होता, आणि इस्त्री कुणीही फिरवू शकत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो तुमचाही आणि माझाही. तेवढ्यानं माझी नात समुद्रापार जायला नको.

ती उशिरा उठते, उठवायला जाऊ नका. जेवताना मशीनकडे बघत बसते, ताट समोर ठेवायचं आणि गप्प बसायचं, मग खाते. तुमच्या हाताला मीठ जास्त पडतं, तेवढं सांभाळा. कॉलरला हात लावू देऊ नका. तुमचा लेक तिला एक वाकडा शब्द बोलला तर मी पायी येईन, गुडघ्यांसकट, आणि तुमच्या सगळ्या कामगारांसमोर बोलेन. काय बोलायचं ते मी कधीपासून तयार ठेवलंय.

मेट्रनबाईंना दुपारपर्यंत कळवायचंय. ते कळवणं माझ्या हातात नाही, तुमच्या आहे. हे लिहिताना माझा हात किती जड झालाय ते अक्षरावरून दिसेलच.

मला काही कळवू नका. चिठ्ठी नको, निरोप नको, घुम्याच्या हाती काही नको. मी दिवसभर इस्त्रीच्या टेबलापाशी आहे, बॅग घेऊन गाडी परत आमच्या गल्लीतून स्टेशनकडे गेली तर मला खिडकीतून दिसेल. नाही गेली तरी दिसेल.

तुमचं वाचून होत आलंय. ती समोर उभी असेल, एका पायावरचं वजन दुसऱ्यावर टाकत. लहानपणापासून तशीच उभी राहते. तिला उभं ठेवू नका. मान वर करा आणि तिला 'ये' म्हणा.